कॅथर, विला
(७ डिसेंबर १८७३ – २४ एप्रिल १९४७). अमेरिकन कादंबरीकर्त्री. नेब्रास्काच्या माळरानावर वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांची लेखिका म्हणून ती ओळखली जाते, पण तिचा जन्म व्हर्जिनियातला. १८८३ मध्ये कुटुंबाबरोबर ती नेब्रास्कात आली तेव्हा नऊ वर्षांची होती. झाडाझुडपांत वाढलेल्या मुलीच्या अंगावरच आले ते बोडके रान. शेजारपाजारी चेक, स्वीडिश, जर्मन कुटुंबे. त्यांच्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसून ती तासन्‌तास गोष्टी ऐके. पुढे बिऱ्हाड रेड क्लाउड गावात हलले. तिथल्या औषधाच्या दुकानात काम करून मजुरीऐवजी तिने गुलाबांच्या नक्षीचा भिंतीचा कागद घेतला आणि माळ्यावरच्या आपल्या खोलीत स्वतः चिकटवला.

डॉक्टर व्हायचे मनात होते. विद्यापीठात लेखनाने ते मागे टाकले. १८९५ मध्ये पदवी घेऊन ती पिट्सबर्गला गेली. तिथे पत्रकारी आणि शिक्षकी केल्यावर १९०६ पासून न्यूयॉर्कच्या ‘मॅक्लूअर्स’ मासिकात संपादन. नोकरी अंगातले बळ खाते आहे, स्वतःचे लिही, असे तिला बजावले ते मेन राज्याच्या कथाकार सॅरा ऑर्न ज्यूएट यांनी. तरीही पहिली कादंबरी (१९१२) बॉस्टन-लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळातच रमली. नेब्रास्का आला तो ‘ओ पायोनियर्स!’मध्ये (१९१३). म्हणूनच ‘माझ्या पहिल्या कादंबऱ्या दोन’, असे ती पुढे म्हणे.

‘माय अँटोनिया’ (१९१८) ही तिची सर्वांत सरस कृती. नायिकेमागे रेड क्लाउडमध्ये घरकामाला असलेली अॅना सादिलेक ही चेक मुलगी आहे. मावळत्या सूर्याच्या लाल तबकडीत शेतात राहिलेला नांगर क्षणभर प्रचंड दिसतो आणि सूर्य बुडताच पुन्हा एवढासा होतो, हे त्यातले दृश्य वाचक विसरत नाही. पुलित्झर पारितोषिक (१९२३) मात्र मिळाले ‘वन ऑफ अवर्स’ला. या कादंबरीचा शेतीचा पूर्वार्ध जिवंत, पहिल्या महायुद्धाचा उत्तरार्ध ऐकीव. कादंबरीकार हेमिंग्वेने त्याची टर उडवली. न्यू मेक्सिकोतील ‘डेथ कम्स फॉर द आर्चबिशप’ने (१९२७) तिची प्रादेशिकता एका प्रदेशापुरती नाही हे दाखवले.

आपली पत्रे छापू नयेत, असे तिने मृत्युपत्रात लिहिले होते. निवडक पत्रे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालीच. तिची कबर नेब्रास्कात नाही. ती आहे न्यू हॅम्पशरमधील जॅफ्री गावी, जिथल्या कुरणात तंबू ठोकून तिने ‘माय अँटोनिया’चा बराच भाग लिहिला.