बाटली बंद, मग जारचं काय? आपल्याकडच्या पाण्याच्या ठरावांमागची गोष्ट

सध्या आपल्या खानदेशात, धुळे-जळगावकडे, ग्रामसभेत विषय निघतो की लग्नात, सप्त्यात पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या आणि पाऊच नको, आणि त्याला वसुंधरा, हवामान बदल अशी नावं लावतात. ठराव होतो, फोटो निघतो, आणि पुढच्याच लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात पंचवीस-तीस थंड जार ओळीने उभे. हे असं का होतं त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

फार जुनं थोडक्यात सांगतो. पांझरा नदीवरचे फड, म्हणजे गावाने मिळून चालवायची पाटपाण्याची पद्धत, सगळ्यांना माहिती आहेत, बंधारा, पाट, पाटकरी, आणि कुठल्या फडात कोणतं पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागर भरतात, उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोईचे रांजण असायचे. पाणी विकायची वस्तू नव्हती एवढाच मुद्दा. ७२ च्या दुष्काळानंतर बोअर वाढले, रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात पाणी खाली खाली गेलं, साक्रीकडे बारीपाड्याने जंगल राखलं, धुळ्याकडे लामकानीने चराई बंद करून डोंगर हिरवा केला. तेव्हा हवामान बदल हा शब्द कोणाच्या तोंडात नव्हता, दुष्काळ म्हणायचे आणि कामाला लागायचे. मे हीट, म्हणजे केळी करपवणारं मे महिन्यातलं ऊन, आधीही होती, पण आता केळीवाला मार्चपासूनच धास्तावलेला असतो.

बाटली आपल्याकडे आली ती एसटी स्टँड आणि भुसावळच्या फलाटावरून. घरात मात्र ती कधीच आली नाही, घरात आला जार. कारण साधं आहे, नळ चार-आठ दिवसांनी येणार, बोअरचं पाणी जड, डाळ शिजत नाही आणि मुतखड्याची भीती. मग कोणीतरी बोअरवर आरओ बसवला, चिलर लावला, छोटा हत्ती घेतला आणि धंदा सुरू. मी त्या पोरांना नावं ठेवत नाही, शेतीत काही उरत नाही म्हणूनच ते इकडे वळले.

आता खरा घोळ, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे. आपण सगळ्यालाच बिसलेरी नाहीतर मिनरल म्हणतो. कागदावर मिनरल वॉटर वेगळं (झऱ्याचं किंवा नैसर्गिक स्रोताचं, त्याचा भारतीय मानक क्रमांक १३४२८) आणि प्रक्रिया करून सीलबंद केलेलं पाणी वेगळं, त्याचा मानक १४५४३. २००१ पासून दोन्हीला आयएसआय मार्क सक्तीचा झाला. पण आपल्या लग्नात येतो तो थंड जार, काही लोक कॅम्पर म्हणतात, त्याला झाकण असतं पण सील नसतं. सील नाही म्हणजे ते पॅकबंद नाही, पॅकबंद नाही म्हणजे तो मार्क लागत नाही, म्हणजे अन्न खातं म्हणतं हे खुलं पाणी आहे आमच्याकडे येत नाही, पालिका म्हणते आम्ही फार तर जागेचं बघू, आणि भूजलवाले म्हणतात उपशाची परवानगी घेतली का. म्हणजे आपण रोज पितो त्या पाण्याला कागदावर धड नावच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर सीलबंदवाल्यांचीही आयएसआय सक्ती काढली आणि दीड महिन्याच्या आत त्याच पाण्याला जास्त जोखमीच्या, म्हणजे जास्त कडक तपासणीच्या, अन्नात टाकलं, जारवाल्याला दोन्हीचा काही फरक पडला नाही.

प्लास्टिकबंदीतही हेच झालं. मार्च २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेत अर्धा लिटरपेक्षा लहान बाटल्यांवर बंदी होती आणि मोठ्या बाटल्यांवर, बाटली परत दिल्यावर मिळायचे एक-दोन रुपये छापायचे असं होतं, एप्रिलमध्येच लहान बाटलीची बंदी मागे घेतली. आणि परत घ्यायचे पैसे मिळाले म्हणणारा माणूस मला तरी धुळे-जळगावात भेटला नाही. जार तर धुवून परत वापरतात म्हणून तो यात येतच नाही, उलट लोक म्हणतात जार पर्यावरणाचा आहे. पण जारसोबत हजार-दीड हजार कागदी ग्लास येतात, त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो, चिलरची वीज आहे, आणि एक जार भरायला साधारण तेवढंच पाणी नालीत सोडलं जातं, तेही ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो तिथे. पूर्वी टिपाडं भरून ठेवायचे आणि पोरं जग घेऊन पंगतीत फिरायची, ती पोरं आता मिळत नाहीत हेही खरंच.

अशा चर्चेत ऑस्ट्रेलियातल्या बुंदानून गावाचं उदाहरण कोणीतरी देतंच, त्यांनी २००९ मध्ये बाटली बंद केली. पण तिथे नळाचं पाणी चांगलं होतं, एका कंपनीला गावचं भूजल उपसून बाटलीत भरायचं होतं म्हणून लोक चिडले, आणि बाटलीऐवजी रस्त्यावर फुकट पाण्याचे नळ बसवले. आपल्याकडे भूजल उपसणारा आपलाच भाऊबंद आहे आणि नळाचा भरवसा नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याचं माझी वसुंधरा अभियान सुरू झालं, पंचतत्त्वांवरच्या कामाला गावाला गुण आणि बक्षीस, तिथून ठरावांना जोर आला. आमच्या शेजारच्या गावात पहिल्या मसुद्यात "बाटलीबंद पाणी" होतं. एका आजींनी विचारलं मग जार चालतो का, तर "विकतचं पाणी" असा बदल सुचवला गेला. लगेच दुसरा उठला, मग पंचायतीचा आरओ? तोही पाच रुपयाचं नाणं टाकल्यावरच वीस लिटर देतो, चौदाव्या वित्त आयोगाच्या पैशातून बसवलेला. बंद करायचा का? पाऊण तास तेच चाललं. एकाने जार चालू द्या पण ग्लास स्टीलचे ठेवा असं सांगितलं, त्यावर भांडी कोण घासणार म्हणून हशा झाला. शेवटी "बाटली व पाऊच" एवढंच लिहिलं, जार कागदातून बाहेर. सप्टेंबर २०२५ मध्ये बाटली आणि सीलबंद जार दोन्हींचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, थंड जारवाल्याकडे बिलच नसतं. त्या गावचा ठराव अजून तसाच आहे, आणि येत्या आखाजीनंतरच्या लग्नांची जारची बुकिंग आताच सुरू झालीय.