मानवी जनुकसंचाचे क्रमनिर्धारण (गोव्याच्या संदर्भासह)

माणसाच्या पेशीतील डीएनएमध्ये ॲडेनीन, सायटोसीन, ग्वानीन आणि थायमीन हे चार घटक कोणत्या क्रमाने आले आहेत ते सलग वाचून काढणे म्हणजे मानवी जनुकसंचाचे क्रमनिर्धारण, अर्थात जीनोम सिक्वेन्सिंग. आईकडून आलेल्या संचात सुमारे ३ अब्ज घटक असतात, वडिलांकडून आलेल्यात साधारण तितकेच. प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० असून ती या लांबीचा दोन टक्क्यांहून कमी भाग व्यापतात. कोविडच्या काळात गोव्यातील नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जात होते, तेव्हा हे तंत्र लोकांच्या बोलण्यात आले. तिथे वाचला जात होता तो विषाणूचा सुमारे ३०,००० घटकांचा आरएनए. माणसाचा जनुकसंच त्याच्या लाखपट मोठा आहे.

वाचनाची रीत

रक्तातील पांढऱ्या पेशींतून डीएनए काढतात. प्रौढ तांबड्या पेशींना केंद्रकच नसते. अखंड रेणू एका दमात वाचता येत नाही, म्हणून त्याचे काहीशे घटकांचे तुकडे करून ते काचेच्या पट्टीवर चिकटवतात आणि प्रत्येकाच्या जागीच असंख्य प्रती करतात. मग चमकणारे रंगीत घटक सोडतात. प्रत्येक फेरीत साखळीला एकच घटक जोडला जातो, कॅमेरा रंग टिपतो, रंग धुऊन टाकतात आणि पुढची फेरी सुरू होते. तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून साधारण दीडदीडशे घटक असे वाचले जातात. मूळ कल्पना फ्रेडरिक सँगर यांच्या १९७७ च्या पद्धतीतून पुढे आली. दुसऱ्या एका तंत्रात डीएनएचा धागा प्रथिनाच्या सूक्ष्म छिद्रातून ओढतात आणि विद्युतप्रवाहातील चढउतारावरून घटक ओळखतात. त्यात हजारो घटकांचे लांब तुकडे मिळतात.

खरी मेहनत यानंतरची. यंत्राच्या चुका गाळण्यासाठी प्रत्येक जागा सरासरी तीसेक वेळा वाचतात आणि संगणक ते तुकडे प्रमाण जनुकसंचावर बसवतो. हा प्रमाण संच १९९० ते २००३ या काळातील आंतरराष्ट्रीय मानवी जनुकसंच प्रकल्पातून तयार झाला. त्याचा बराच मोठा भाग अमेरिकेतील एकाच दात्याच्या डीएनएवर आधारलेला आहे. पुनरावृत्तींनी भरलेले सुमारे आठ टक्के भाग २०२२ पर्यंत वाचायचे राहिले होते; लांब तुकड्यांच्या तंत्राने ते पूर्ण झाले. कोणत्याही माणसाचा संच प्रमाण संचाशी ताडला तर ४० ते ५० लाख जागी फरक निघतो. बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. घातक फरक ओळखायचा तर तो इतर लोकांत किती आढळतो हे माहीत असावे लागते. म्हणजे वाचन यंत्र करते, पण अर्थ तुलनेतूनच लागतो.

जुने गोवे येथील अस्थी

याचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्यातच आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणमधील शिराझ येथे मारली गेली. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणून जुने गोवे येथील संत ऑगस्टीन मठात ठेवला. पुढे मठ ओस पडला, छप्पर कोसळले. पोर्तुगीज कागदपत्रांत दिलेल्या खुणांवरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने शोध घेतला तेव्हा हाताचे एक हाड हाती आले. ते तिचेच कशावरून?

हैदराबादच्या सीसीएमबी (पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेने त्यातून तंतुकणिकांचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांचा डीएनए काढला. हा अवघा १६,५६९ घटकांचा, फक्त आईकडून येणारा. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्याने दमट हवेतही काही अंश टिकतो. जुन्या डीएनएचे तुकडे फार आखूड असतात, टोकांशी सायटोसीन झिजून थायमीनसारखा वाचला जातो आणि हाताळणाऱ्यांचा डीएनए मिसळण्याची भीती असतेच. निष्कर्ष असा निघाला की हाड स्त्रीचे असून तिचा मातृवंश ‘यू१बी’ या गटातला आहे. भारतातील हजारो नमुन्यांत हा गट सापडला नाही, जॉर्जियातील नमुन्यांत सापडला. त्याच ठिकाणच्या आणखी दोन अस्थींचे वंशगट मात्र दक्षिण आशियातले निघाले. हे नमुने ताडायला आधीच गोळा झालेले नसते, तर त्या क्रमाला काहीच अर्थ नव्हता. २०२१ मध्ये भारताने अस्थींचा काही भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

समाज आणि आरोग्य

२०२१ मध्येच सीसीएमबीच्या संशोधकांनी गोवा, कुमठा आणि मंगळूर येथील रोमन कॅथलिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे वंशधागे मोठ्या प्रमाणावर गौड सारस्वतांशी जुळतात असे त्यात दिसले. धर्मांतराच्या काळात, १५६० मध्ये, कुठ्ठाळीहून प्रियोळला हललेल्या मंगेशाची, म्हणजे अनेक गौड सारस्वतांच्या कुलदैवताची, कथा ज्या घरांत सांगितली जाते, त्यांना याचे नवल वाटणार नाही. पण धर्म कधी बदलला, गाव का सोडले, हे डीएनए सांगत नाही; त्यासाठी दप्तरे आणि घराण्यांच्या आठवणीच पाहाव्या लागतात. असे निष्कर्ष कोणाची जात किंवा श्रेष्ठता ठरवायला वापरणे सरळसरळ चूक आहे.

पिढ्यानुपिढ्या आपसांत सोयरीक झाली की एखादा दुर्मीळ दोष त्या समाजात वारंवार दिसू लागतो. दक्षिण आशियातील कित्येक समाजांत हा परिणाम तीव्र असल्याचे २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. त्यामुळे स्थानिक नमुन्यांचे मोल फार आहे. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात ८३ समाजगटांतील सुमारे १०,००० जणांचे संच वाचले गेले. ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात असून २०२५ पासून संशोधकांना खुली आहे.

प्रत्येक आजारासाठी पूर्ण संच वाचण्याची गरज नसते. बीटा थॅलेसेमियाचा संशय असेल तर आधी साधी रक्ततपासणी आणि लागल्यास ११ व्या गुणसूत्रावरील एकाच जनुकाची तपासणी पुरते. पूर्ण वाचनाच्या अहवालात काही फरकांपुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. आपल्याकडचे नमुने वाढले की त्यांतले काही पुढे निरुपद्रवी ठरतात, तर काही रोगकारक. त्यामुळे असा अहवाल जपून ठेवावा आणि काही वर्षांनी जनुकतज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घ्यावा.