तिसऱ्या दशांश स्थळातला वायू

एक लिटर नायट्रोजनचं वजन किती? १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाला या साध्या प्रश्नाची दोन उत्तरं मिळत होती. हवेतून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प काढून टाकल्यावर उरलेला नायट्रोजन १.२५७२ ग्रॅम भरायचा. अमोनियासारख्या संयुगांपासून तयार केलेला भरायचा १.२५०५ ग्रॅम. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी तो तराजूच्या माथी मारून विषय संपवला असता. रॅलेंनी पुन्हा पुन्हा मोजलं आणि फरक हटेना, तेव्हा 'नेचर'मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच कारण विचारलं.

या कोड्याला भिडले विल्यम रॅम्झी. १८५२ मध्ये ग्लासगोला जन्म, जर्मनीत ट्यूबिंगेनला डॉक्टरेट, पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक. काच फुंकून स्वतःची उपकरणं घडवण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि थेंबभर वायूवर काम करणाऱ्याला या कौशल्याचा किती आधार असतो ते त्यांच्या पुढच्या शोधांवरून कळतं.

तापलेलं मॅग्नेशियम नायट्रोजन शोषून घेतं. रॅम्झींनी हवेतला नायट्रोजन अशा मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. वायू कमी होत गेला, उरलेला मात्र अधिकाधिक जड होत गेला. शेवटी राहिलेल्या अंशाचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशातले सुटे केलेले रंग, पाहिला, तर त्यात कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याच्या नसलेल्या लाल-हिरव्या रेषा! ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत रॅले आणि रॅम्झी यांनी नवा वायू जाहीर केला. तोच अरगॉन. हवेत तो ०.९३ टक्के आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटींहून जास्त. मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने हवेत विजेच्या ठिणग्या पाडून असाच प्रयोग केला होता. नायट्रोजनच्या सुमारे १२० व्या भागाएवढा एक बुडबुडा काही केल्या नाहीसा होईना, अशी नोंदही त्याने करून ठेवली होती. ती शंभरहून अधिक वर्षं तशीच पडून राहिली.

अरगॉन कशाशीच संयोग पावेना. त्याचा अणुभार जवळपास ४०, पोटॅशियमपेक्षा थोडा जास्त, त्यामुळे तेव्हा अणुभाराच्या क्रमाने मांडलेल्या आवर्तसारणीत त्याला जागाच दिसेना. ती सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्ह यांना स्वतःला तो नायट्रोजनच्या तीन अणूंचा रेणू असावा असं वाटलं होतं.

१८९५ मध्ये रॅम्झींना कळलं, की युरेनियमची काही खनिजं आम्लात तापवली की एक निष्क्रिय वायू सुटतो आणि तो नायट्रोजन समजला गेला आहे. तो अरगॉन तर नसेल? त्यांनी क्लेव्हाइट नावाचं असंच एक युरेनियमचं खनिज मिळवलं. वर्णपटात दिसली ठळक पिवळी रेषा, सोडियमच्या रेषांच्या जवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी. विल्यम क्रुक्स यांनी मोजून खात्री केली: ही सूर्याच्या प्रकाशात दिसलेली हेलियमची रेषा होती. पृथ्वीवर हेलियम पहिल्यांदाच सापडला होता.

इथे विजयदुर्गाचा उल्लेख करायलाच हवा, कारण हेलियमचा शोध तिथे लागला असं आपल्याकडे अनेकदा लिहिलं जातं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होते. लॉकयर हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ त्या वेळी इंग्लंडमध्येच होते, आणि त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, तिथूनच ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्झींच्या नळीत हेलियम येऊन तीन वर्षं झाली होती. त्या किल्ल्यावर लॉकयर यांनी खरोखर ग्रहण पाहिलं, एवढा मान त्याला पुरेसा आहे. नसलेला शोध त्याच्या नावावर कशाला चढवायचा?

त्याच १८९८ च्या मे ते जुलैमध्ये रॅम्झी आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवा आणि द्रवरूप अरगॉन हळूहळू उकळू देत क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन वेगळे केले. निऑनच्या नळीतून वीज सोडताच पेटलेल्या किरमिजी प्रकाशाने दोघेही भारावले. आवर्तसारणीत आता नवा स्तंभच उभा राहिला.

दोघांचाही भारताशी संबंध आला. जमशेटजी टाटांच्या विज्ञानसंस्थेच्या योजनेसाठी रॅम्झी १९००-०१ च्या सुमारास भारतात फिरले आणि त्यांनी बंगळूर सुचवलं. त्या संस्थेचे पहिले संचालक झाले ट्रॅव्हर्स.

पण सूर्यावरचा वायू खडकात आला कुठून? १९०३ मध्ये रॅम्झी आणि फ्रेडरिक सॉडी यांना रेडियमच्या क्षारातून निघालेल्या वायूत हेलियमचा वर्णपट दिसला. एका मूलद्रव्यातून दुसरं जन्माला येत होतं. पुढच्या वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल रॅम्झींना आणि भौतिकशास्त्राचं रॅलेंना मिळालं. किरणोत्सर्गी पदार्थांतून सुटणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचेच विद्युतभारित अणू, हे भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांनी १९०८ पर्यंत सिद्ध केलं. क्लेव्हाइटमधला युरेनियम कोट्यवधी वर्षं असे कण सोडत राहिला होता आणि ते इलेक्ट्रॉन मिळवून खडकातच हेलियम होऊन अडकून पडले होते.