तळहाताएवढ्या रबरावर

“मॅडम, नख रुतवून बघा.”

शर्यतीची गाडी नुकतीच फेऱ्या मारून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, आली होती. मी मागच्या टायरवर अंगठा दाबला आणि नख खरोखरच रुतलं. मे महिन्यात नाशिकच्या द्वारका चौकातल्या डांबरावर चप्पल चिकटते, तसं ते रबर बोटाला चिकटत होतं. त्यावर नक्षी नव्हती की खाचा नव्हत्या, नुसता काळा गुळगुळीत पट्टा. याला स्लिक म्हणतात. पुढचे दोन दिवस माझा जीव अशा चार टायरांवर तोललेला असणार होता.

नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवते. वर्तुळाकार गती, घर्षण, गुरुत्वमध्य हे धडे इतक्या वेळा शिकवलेत की फळ्याकडे न बघताही आकृती काढता येते. एक जुना विद्यार्थी, सातपूरचा, आता शर्यतीच्या गाड्यांचं काम करतो. त्याच्या आग्रहामुळे मी पुणेमार्गे कोइम्बतूरला गेले. तिथे चेट्टीपाळयमला करी मोटर स्पीडवे हा साधारण २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे. नाव एस. करिवर्धन यांचं. मारुती ८०० चे भाग वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ ही एकआसनी शर्यतीची गाडी घडवणारे ते हेच. आपल्याकडच्या कितीतरी चालकांनी त्या गाडीत शर्यतीची अक्षरं गिरवली. इंजिनिअरिंगची मुलं स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेला इथेच येतात.

मला मिळालेली गाडी उघड्या चाकांची होती. पोलादी नळ्यांचा सांगाडा, पाठीमागे रोजच्या मोटारीतलं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, आणि सगळं मिळून वजन पाचशे किलोच्या आत. आत शिरण्यासाठी आधी स्टिअरिंग काढून बाजूला ठेवावं लागतं. मग पाय पुढे लांब करून जवळजवळ आडवं व्हायचं आणि दोघांनी मिळून पट्टे आवळायचे. ब्रेकवर पाय ठेवला तर विटेवर ठेवल्यासारखा वाटला. घरच्या गाडीत इंजिनच्या निर्वाताचा आधार घेणारा बूस्टर आपल्या पायाचा जोर वाढवतो. इथे तो नव्हता. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, पॉवर स्टिअरिंगही नाही. सस्पेन्शनच्या सांध्यांत घरच्या गाडीसारख्या रबरी बुश नव्हत्या, थेट धातूवर धातू. बुश खड्ड्यांचा हादरा गिळतात, पण त्याबरोबर टायर काय सांगतोय तेही गिळतात. शर्यतीसाठीच बांधलेल्या गाडीतला सगळ्यात मोठा फरक मला हाच वाटला. तिच्यात चालक आणि टायर यांच्यामध्ये कोणी उभं नसतं. कमरेखाली, तळव्यांत, पाठीत रस्त्याचा प्रत्येक खडा कळतो.

पहिल्या दोन फेऱ्या हळू मारायला सांगितल्या, कारण थंड स्लिक फसवा असतो. हे रबर साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसला नीट काम करतं. त्याखाली ते कडक असतं आणि सटकतं. टायर तापला की आतली हवाही तापते, म्हणून सकाळी दाब मुद्दाम कमी ठेवतात. २७ अंशाला २० पीएसआय (दाबाचं एकक) भरली आणि हवा ८७ अंशापर्यंत गेली, तर आकारमान तेवढंच धरून, गेजच्या आकड्यात वातावरणाचा दाब मिळवून वायूच्या नियमाने हिशेब केला की गेजवरचा दाब २७ च्या जवळ पोचतो. बारावीच्या परीक्षेत हे गणित दोन गुणांचं असतं. पिटमध्ये मात्र मेकॅनिक प्रत्येक फेरीगणिक गेज हातात घेऊन तेच सोडवत होता.

घर्षण गुणांक, म्हणजे पकड भागिले भार, एकपेक्षा जास्त असू शकत नाही, असं कितीतरी मुलं ठामपणे सांगतात. असा नियम कुठेही नाही. कोरड्या डांबरावर साध्या टायरचा गुणांक ०.८ च्या आसपास धरला, तर तापलेल्या स्लिकचा १.४ पर्यंत सहज जातो. त्याला कारण रबराचा स्वभाव. ते डांबरातल्या बारीक खडीच्या उंचसखल भागात दबून शिरतं आणि तिथून सुटताना पूर्ववत व्हायला वेळ घेतं. त्या दिरंगाईत ऊर्जा खर्ची पडते आणि टायरला पकड मिळते. शिवाय रबराचे रेणू खडीला क्षणभर चिकटतात आणि तुटतात. तापलेलं मऊ रबर खडीवर जास्त जागी टेकतं, म्हणून जास्त चिकटतं. अंगठ्याला जाणवलं होतं ते हेच.

आता ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. गुणांक ०.८ असेल तर वेगाची मर्यादा ताशी ७१ किलोमीटर, १.४ असेल तर ९४. इंजिन तेच, वळण तेच. त्रिज्या वाढवली तरी मर्यादा वाढते, म्हणून चालक बाहेरच्या कडेने शिरतो, आतली कड घासतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जातो; त्याच रुंदीच्या रस्त्यातून तो मोठ्या वर्तुळाचा तुकडा कापून काढतो. पुढे लांब सरळ रस्ता असेल तर आतली कड थोडी उशिरा गाठतात, म्हणजे ॲक्सिलरेटर लवकर दाबता येतो आणि तो फायदा पूर्ण सरळ रस्ताभर मिळत राहतो.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ब्रेकने. चालकासकट ५५० किलोची गाडी ताशी १५० वर असते तेव्हा तिच्यात सुमारे ४८० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. दीड लिटर साध्या पाण्याला उकळी आणायला एवढी ऊर्जा पुरते. एकदा पूर्ण थांबायचं तर ती बहुतेक सगळी काही सेकंदांत ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता बनून उतरते, आणि ट्रॅकवर ब्रेक फेरीत एकदा दाबून भागत नाही. प्रशिक्षक सांगत होते, आधी पूर्ण जोर, मग हळूहळू सोडा. रोजच्या सवयीने मी नेमकं उलटं करत होते, म्हणजे आधी हळू आणि शेवटी जोरात. हे का चुकीचं, ते दुपारी कळलं.

एका उजव्या वळणात माझा वेग जरा जास्त झाला. घाबरून मी ॲक्सिलरेटरवरून पाय पटकन उचलला. रस्त्यावर आपण हेच करतो आणि बहुधा निभावतं. इथे मागची चाकं बाहेर निसटली, क्षितिज डावीकडे धावत सुटलं आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या दिशेला तोंड करून थांबली. धूर, जळक्या रबराचा वास, आणि बंद पडलेल्या इंजिनाची शांतता. मी बराच वेळ तशीच बसून होते.

झालं असं. वेग कमी होतो तेव्हा गाडीचं वजन पुढे झुकतं. किती झुकतं ते गुरुत्वमध्याची उंची भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, यावर ठरतं. या गाडीत गुरुत्वमध्य साधारण ३० सेंटिमीटरवर आणि चाकांतलं अंतर २.४ मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या मंदनाला एकूण वजनाचा आठवा हिस्सा मागून पुढे जातो. घरच्या गाडीत गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर असेल तर जवळजवळ चौथा हिस्सा. मी पाय उचलला तेव्हा इंजिनच ब्रेक झालं. मागच्या टायरांवरचा भार हलका झाला आणि त्यांची पकड कमी झाली, पण वळणासाठी त्यांच्याकडे असलेली मागणी तेवढीच राहिली. पुढच्यांना मात्र जास्तीची पकड मिळाली. पुढचा भाग वळला, मागचा निसटला. शिवाय इंजिनचा तो ब्रेक फक्त मागच्याच चाकांना लागत होता. एका टायरकडे पकडीचा जेवढा साठा असतो, त्यातूनच ब्रेकलाही द्यायचं असतं आणि वळणालाही. मागच्यांची सगळी पकड वळणातच खर्च झाली होती, वरचा खर्च कुठून करणार? ब्रेक शेवटी, वळणाच्या तोंडाशी जोरात दाबणं चुकीचं, तेही याचमुळे.

यातच आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जी आमच्या पाठ्यपुस्तकात येत नाही. वळणाच्या वेगाच्या सूत्रात वस्तुमान दोन्हीकडून कटतं, कारण वळायला लागणारं बळ आणि मिळणारी पकड दोन्ही वस्तुमानाच्या प्रमाणात धरतात. मग शर्यतीची गाडी हलकी कशाला? कारण रबर पुस्तकातल्या ठोकळ्यासारखं वागत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. वळणात बाहेरच्या टायरला जास्त भार मिळतो, आतल्याचा जातो. बाहेरच्याने कमावलं त्यापेक्षा आतल्याने गमावलेलं जास्त असतं. त्यामुळे भार जितका कमी सरकेल तितकी एकूण पकड टिकते. गाडी हलकी, बुटकी, रुंद असते आणि चालक जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा असतो, तो यासाठी. हे समजलं तेव्हा त्या सांगाड्याची प्रत्येक नळी मला अर्थपूर्ण वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी मी ब्रेक आधी जोरात दाबायला आणि वळणात शिरताना हळूहळू सोडायला शिकले. भार पुढच्या चाकांवर असतानाच वळवलं की गाडी सांगितल्याबरोबर आत येते. मग टायर किंचित तिरपा सरकतो. त्याचं तोंड एकीकडे, प्रवास काही अंश दुसरीकडे. सगळ्यात जास्त पकड या थोड्याशा तिरपेपणातच मिळते. त्याच्या पुढे गेलं की ती घटते, आणि स्टिअरिंग हातात अचानक हलकं पडतं. तो हलकेपणा मी तीनदा ओळखला, आणि तिन्ही वेळा गाडी सावरली. एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. (मोठ्या फॉर्म्युला गाड्यांचे पंख हवेच्या दाबाने ही पकड वाढवतात, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. माझ्या गाडीला पंख नव्हते, आणि शिकायला तेच बरं होतं.)

सोमवारी वर्गात हीच आकृती काढली. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकच्या आसपास झालेली असल्याने मुलांना गाड्यांचं वेड नवीन नाही. एकाने विचारलं, “मॅडम, तुमची गाडी फिरली पण उलटली नाही. मग घाटात ट्रक का उलटतात?” आम्ही मांडलं. गाडीच्या रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. शर्यतीच्या गाडीत चाकांमधली रुंदी दीड मीटर धरली तर उत्तर येतं २.५. टायरची पकड १.४ ला संपते, त्यामुळे ती उलटण्याच्या खूप आधी सरकते. मालाने भरलेल्या ट्रकचा गुरुत्वमध्य दोन मीटरवर आणि रुंदीही दोन मीटर असेल तर उत्तर ०.५, टायरच्या पकडीपेक्षा कमी. म्हणून ट्रक सरकायच्या आधी कलंडतो. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही मर्यादा ताशी ४४ किलोमीटर निघाली. स्प्रिंगांवर झुकणारा आणि आत हलणारा माल धरला तर आणखी कमी.

मागच्या बाकावरची इगतपुरीची मुलगी वहीत आकडा लिहून घेत म्हणाली, “माझे बाबा कसाऱ्यात तिसऱ्याच्या वर गिअर टाकतच नाहीत. ब्रेक तापतात म्हणतात.” मी फळ्यावर ट्रकच्या शेजारी ब्रेकचा ड्रम काढायला घेतला.