बसवलेली किडनी दहाव्या वर्षी

किडनी प्रत्यारोपणाची गोष्ट सगळे २३ डिसेंबर १९५४ पासून सांगतात. त्या दिवशी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे यांच्या चमूने रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला, बसवली. दोघे एकसारखे जुळे, त्यामुळे रिचर्डच्या शरीराने ती परकी मानलीच नाही. गोष्ट बहुधा इथेच संपवतात. पुढे झाले असे, की रिचर्डचा मूळ आजार नव्या किडनीतही परतला आणि १९६३ मध्ये तो गेला. शरीराने न नाकारलेली किडनीही निकामी होऊ शकते, हे पहिल्याच यशस्वी रुग्णात दिसले होते. पण त्याकडे पाहायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. जुळे भावंड नसलेल्यांच्या किडन्या बहुतेकदा काही आठवड्यांतच बंद पडत होत्या.

नाकारण्याची ही क्रिया औषधाने रोखता येते, हे अ‍ॅझाथायोप्रिनने दाखवले. १९६२ मध्ये बॉस्टनलाच या औषधाच्या जोरावर मृत व्यक्तीची किडनी एका रुग्णात वर्षभराहून अधिक चालली. पाठोपाठ डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी त्याला स्टेरॉइडची जोड दिली. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या पटेल आणि तेरासाकी यांनी सिद्ध केले की रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचा, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या प्रथिनांचा, साठा आधीपासून असेल, तर किडनी टेबलावरच किंवा काही दिवसांत जाऊ शकते. आजही शस्त्रक्रियेआधी होणारी ‘क्रॉसमॅच’, म्हणजे रुग्णाचे रक्त दात्याच्या पेशींशी जुळवून पाहणारी तपासणी, त्यातूनच आली. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये मे १९६५ मध्ये पहिले प्रत्यारोपण झाले, तर यशस्वी जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणाची सुरुवात १९७१ मध्ये वेल्लोरला झाली.

खरी उडी सायक्लोस्पोरीन या नाकारणे रोखणाऱ्या औषधाची. नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीतून सँडोझ कंपनीने ते काढले. केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी १९७८ मध्ये ते रुग्णांना दिले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पहिल्या वर्षाचे आकडे झपाट्याने सुधारले.

आणि लगेच १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातून एक अस्वस्थ करणारी नोंद आली. हृदय प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरीन घेणाऱ्या रुग्णांच्या स्वतःच्याच किडन्या बिघडत होत्या. त्या किडन्या परक्या नव्हत्या, त्यामुळे दोष नाकारण्यावर ढकलायची सोय नव्हती. किडनी वाचवणारे औषधच किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळत होते. पुढे जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस आले. नाकारणे रोखण्यात ते अधिक जोरदार, पण किडनीला त्रास देण्यात त्याच घराण्यातले. म्हणूनच ‘टॅक लेव्हल’, म्हणजे रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी, हा शब्द प्रत्यारोपण झालेल्या घरात क्रिएटिनिन या किडनीचे काम दाखवणाऱ्या तपासणीइतकाच रोजचा असतो. पातळी कमी पडली की शरीर हल्ला करते, जास्त झाली की औषध. रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचे ते याचसाठी : आदल्या मात्रेचा उतरता तळ किती आहे, ते पाहायचे असते. गोळी घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस चुकीचा आकडा घरी नेतो, आणि त्यावर कधीकधी चुकीचा डोसही.

१९९० च्या दशकात तीव्र नाकारण्याचे प्रमाण घसरत गेले. तेवढ्याने किडनीचे आयुष्य आपोआप वाढेल, अशी सर्वांची समजूत. २००४ मध्ये माइअर-क्रीशे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९९५ ते २००० च्या नोंदी तपासल्या. नाकारणे खूप कमी झाले होते, दीर्घकाळ टिकण्यात मात्र त्या मानाने काहीच वाढ दिसली नाही. माझ्या मते या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे, कारण इथून प्रश्नच बदलला : नाकारणे रोखले तरी किडनी पुढे का जाते?

आदल्याच वर्षी सिडनीच्या नॅन्किव्हेल यांनी १२० रुग्णांच्या ९६१ बायोप्सी, म्हणजे किडनीचे तपासायला काढलेले बारीक तुकडे, ओळीने मांडल्या होत्या. त्यात दहा वर्षांच्या टप्प्यावर औषधाच्या दुष्परिणामाच्या खुणा जवळपास सर्वांत होत्या. झाले, सगळा राग औषधावर. २००७ च्या ‘सिंफनी’ चाचणीत १,६४५ रुग्णांमध्ये कमी मात्रेतल्या टॅक्रोलिमसने किडनीचे काम सर्वांत चांगले राखले. डोस उतरवण्याला मोठा आधार मिळाला.

पण औषधाला दोष देण्याकडे लंबक जरा जास्तच गेला असावा. त्याआधी ‘क्रॉनिक अ‍ॅलोग्राफ्ट नेफ्रोपॅथी’ (बसवलेल्या किडनीचा जुनाट विकार) या निदानाखाली काहीही खपत होते. कारण माहीत नाही, हे सांगण्याची ती भारदस्त रीत. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ पासून भरणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठकींतून बायोप्सी वाचण्याचे नियम ठरत आले होते. २००५ च्या बैठकीने हे नाव मोडीत काढले. कारण शोधणे भाग पडले, तेव्हा बऱ्याच बायोप्सींत प्रतिपिंडांनी सावकाश केलेली हानी दिसू लागली. २०१२ मध्ये एडमंटनच्या गटाने बंद पडलेल्या किडन्यांचा माग काढला, तर मुख्य कारण हेच निघाले, आणि त्या रुग्णांपैकी अनेकांच्या गोळ्या चुकलेल्या होत्या. त्याच वर्षी विनिपेगच्या अभ्यासातही नव्याने तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचा संबंध गोळ्या चुकण्याशी दिसला.

गोळ्या का चुकतात, याला विसराळूपणाचे लेबल लावून मोकळे होणे सोपे आहे. किडनी चांगली चालत असताना काहीच दुखत नाही, आणि औषधांचे बिल मात्र दर महिन्याला येते. भारतात बहुतेक घरांत ते स्वतःच्या खिशातून जाते. सायक्लोस्पोरीन परवडत नसे त्या काळात सोबत केटोकोनॅझोल, म्हणजे बुरशीवरचे औषध, देऊन डोस खाली आणण्याची युक्ती इथल्या डॉक्टरांनी वापरली. ते यकृतातले सायक्लोस्पोरीनचे विघटन मंदावते, त्यामुळे थोड्या गोळ्यांत पातळी राखता येत असे. श्रीमंत अमेरिकेतही केवळ किडनी निकामी झाल्यामुळे मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळालेल्या रुग्णांना प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी या औषधांचे संरक्षण संपत असे. किडनी गेली की डायलिसिसचा खर्च पुन्हा सरकारच उचलणार. ती मुदत काढणारा कायदा २०२० च्या डिसेंबरमध्ये झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला.