घड्याळाला लटकलेला लॉइड, भिंतीखाली उभा कीटन

लोकलमध्ये उभ्या उभ्या मूकपटांच्या क्लिपा बघणारे आता पुष्कळ आहेत, आणि घड्याळाच्या काट्याला लटकलेला गोल चष्मेवाला सर्रास बस्टर कीटन म्हणून पुढे पाठवला जातो. तो हॅरॉल्ड लॉइड. दोघेही अमेरिकन मूकपटांतले विनोदी नट. सिनेमा ‘सेफ्टी लास्ट’, १९२३. कीटनवर अख्ख्या घराची दर्शनी भिंत कोसळते आणि उघड्या खिडकीच्या जागी तो उभा असल्यामुळे वाचतो. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’, १९२८. नावांची गल्लत एक वेळ चालेल. पण ‘दोघांनीही खरोखर जीव धोक्यात घातला’ म्हणून दोघांना एकाच माळेत ओवलं जातं, ते पटत नाही.

लॉइडची उंची कॅमेऱ्याने घडवली. फोर्टातल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर, कठड्याजवळ, खोटी भिंत उभारा आणि कॅमेरा मचाणावर चढवून तिरका खाली रोखा. भिंत दिसेल, खालचा रस्ता दिसेल, मधली गच्ची गायब. लॉस एंजेलिसमध्ये हेच केलं. नायक वर चढेल तसा सेट आणखी उंच इमारतीवर. खाली गाद्या होत्या. लांबून दिसणारं चढणं बरंचसं बिल स्ट्रदर या इमारती चढणाऱ्या कसरतपटूचं. तरी याला फसवणूक म्हणवत नाही. रस्त्यावरची वर्दळ खरी होती, आणि १९१९ मध्ये फोटो काढताना हातातला बॉम्ब फुटून लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. ते उणेपण हातमोज्यात झाकून तो लटकला.

कीटनच्या भिंतीत कॅमेऱ्याची करामत नाहीच. सगळी मदार मापावर. खिडकीत त्याच्या अंगाभोवती मोजकेच इंच मोकळे, पाय ठेवायची जागा आधीच पक्की केलेली. भिंत हलकी करावी तर सिनेमातल्या वादळासाठी लावलेल्या विमानाच्या इंजिनांच्या वाऱ्याने ती वाकडी पडली असती, म्हणून ती मुद्दाम जड केलेली. चुकलं असतं तर दुसरा टेक नव्हता.

धाडस म्हणून कीटन मला कितीतरी वरचा वाटतो. हसवतो मात्र लॉइड जास्त: कबुतरं, अंगावर पडलेलं जाळं, विजारीत शिरलेला उंदीर, दर मजल्यावर नवी अडचण. कीटनची भिंत क्षणात पडून मोकळी होते. तिथे आधी श्वास अडकतो, हसू मागून येतं.

क्लिप हाती आली की चौकटीचा तळ बघा. लॉइडच्या जवळच्या शॉट्समध्ये भिंतीचा पाया दिसत नाही. कीटनच्या चौकटीत घर, माणूस आणि जमीन एकत्र दिसतात, आणि भिंत पडून संपेपर्यंत कट येत नाही.