पोटातला पडदा तपासताना

सुरगाणा, पेठ किंवा कळवणहून आठवड्यातून तीनदा नाशिक गाठून मशीनवर डायलिसिस करणं सगळ्यांना झेपत नाही. अशांना पोटाचा डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, सोयीचा पडतो. पोटात साखरेचा द्रव सोडायचा, चारेक तास ठेवायचा, मग काढून टाकायचा. गाळण्याचं काम करतं पोटाच्या आतलं पातळ अस्तर, म्हणजेच पडदा. पण वर्षानुवर्षं साखरेत भिजून आणि अधूनमधून जंतुसंसर्ग होऊन ते बदलत जातं. हा बदल पहिल्यांदा दिसतो तो घरच्या वहीत.

वहीत रोजचं वजन, रक्तदाब, लघवी, कोणती पिशवी वापरली आणि किती द्रव निघाला हे हवं. निचऱ्याची पिशवी हातकाट्यावर टांगा आणि रिकाम्या पिशवीचं वजन वजा करा. 1 किलो म्हणजे साधारण 1 लिटर. नळी धुण्यासाठी सोडलेला द्रवही त्याच पिशवीत जातो. तो वजा केला नाही तर निचरा फुगलेला दिसतो. द्राक्षबागेत राबणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मार्च-एप्रिलच्या उन्हात घामावाटे पाणी जातं आणि वजन ठीक दिसतं. निचरा कमी होत चाललाय, हे मग पावसाळ्यात पायांना सूज आल्यावर कळतं.

नेमकं मोजमाप पेट चाचणीत होतं. कचरा आणि साखर पडद्यातून किती वेगाने आरपार जातात, हे ती मोजते; पेट स्कॅनशी तिचा संबंध नाही. डॉ. ट्वार्डोव्स्की यांनी ती 1987 मध्ये मांडली. रात्रभर 8 ते 12 तास ठेवलेला द्रव बसून पूर्ण काढायचा. मग आडवं होऊन 2.5 टक्के साखरेची 2 लिटरची पिशवी 10 मिनिटांत सोडायची; दर 400 मिलीला कूस बदलायची. द्रव पूर्ण गेला की घड्याळ सुरू. लगेच 200 मिली बाहेर घेऊन, हलवून, 10 मिली नमुना काढायचा आणि उरलेला परत सोडायचा. 2 तासांनी पुन्हा नमुना, सोबत रक्त. 4 तासांनी सगळा निचरा, वजन आणि शेवटचा नमुना.

घोटाळा होतो तो किरकोळ गोष्टींत. रात्रीचा द्रव पोटात राहिला किंवा पिशवी न हलवता नमुना घेतला, की आकडे फसवतात. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा. ते मोजण्याच्या जाफे या पद्धतीत द्रवातल्या साखरेमुळे ते जास्त दिसतं, म्हणून नमुना डायलिसिसच्या द्रवाचा आहे हे लॅबला सांगायलाच हवं.

4 तासांनंतरचं द्रवातलं क्रिएटिनिन भागिले रक्तातलं, हा मुख्य आकडा. तो 0.81 च्या वर असेल तर पडदा वेगवान: कचरा झपाट्याने येतो, पण साखरही तितक्याच झपाट्याने रक्तात शोषली जाते आणि पाणी ओढणारं काही उरत नाही. 0.50 च्या खाली पडदा संथ: पाणी छान निघतं, कचरा मात्र रेंगाळतो. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त बोलते. म्हणून डायलिसिस सुरू झाल्यावर दीड ते तीन महिन्यांत पहिली चाचणी करावीच. ती टाळली तर पुढच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार? पोटात जंतुसंसर्ग झाला असेल तर तो बरा झाल्यावर किमान महिनाभर थांबावं.

पाणी कमी निघतंय म्हणून लगेच पडद्याला दोष देऊ नये. बद्धकोष्ठता, नळीतला पीळ, फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाची गाठ, नळीचं जागेवरून सरकलेलं टोक, पोटाच्या भिंतीत झिरपणारा द्रव हे आधी तपासावं. ते सगळं ठीक असेल तर 4.25 टक्क्यांच्या पिशवीने चाचणी करतात. 4 तासांत सोडलेल्या द्रवापेक्षा जादा आलेलं पाणी 400 मिलीहून कमी असेल, तर पडदा कमी पडतोय. याच चाचणीत तासाभराने द्रवातलं सोडियम मोजता येतं. एरवी ते ठळकपणे उतरतं, कारण सुरुवातीला ॲक्वापोरिन या सूक्ष्म वाटांमधून नुसतं पाणी येतं. घट 5 मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून कमी असेल, तर पडदा जाड आणि ताठर झाल्याची शंका घ्यावी.

वेगवान पडद्यासाठी रोज 4.25 ची पिशवी लावणं ही पळवाट आहे. साखरेचा मारा वाढून अस्तर आणखी बिघडतं. द्रव ठेवण्याचा वेळ कमी करणं किंवा रात्री द्रव आपोआप भरणारं-काढणारं सायकलर मशीन लावणं बरं. द्रव जास्त तास पोटात ठेवायचा असेल तर साध्या साखरेऐवजी आयकोडेक्स्ट्रिन हा सावकाश शोषला जाणारा पदार्थ असलेला द्रव चालतो. मात्र रुग्णाला मधुमेह असेल तर घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या बदलाव्या लागतील का, हे आधी विचारा. काही पट्ट्या आयकोडेक्स्ट्रिनपासून तयार होणाऱ्या माल्टोज या वेगळ्या साखरेलाच रक्तातली ग्लुकोज समजतात, आकडा खोटा चढतो आणि त्यावर घेतलेलं इन्सुलिन जिवावर बेतू शकतं.